वेदिका जिथे जिथे बोलली

“मॅडम, उंदरांना माणसांचं बोलणं कळतं का?”

शाळेच्या हॉलमध्ये असा हशा पिकला की मागच्या रांगेतल्या मुलांनी बाकं बडवली. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने, हर्षालीने, तर ओढणीत तोंड लपवलं. प्रश्न तिचाच होता. “विचारून दाखव, मिसळ माझ्याकडून,” असं तीच म्हणाली होती. पण उभी राहिली ती वेदिका. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, ती. वक्तृत्व स्पर्धेची ढाल मिळाली आणि दहावीत आल्या आल्या तिला आपला स्वतःचा आवाज भारी आवडायला लागला होता.

व्याख्यानाला आलेल्या साधना मॅडम उंदरांमधल्या विषाणूंवर संशोधन करत. नाशिकच्या कुठल्या भागात कोणता विषाणू आहे आणि तो कुठून कुठे सरकतो, याचा नकाशा त्या बनवत होत्या. त्या हसल्या नाहीत. “असं का वाटलं तुला?”

“घरी पिंजरा लावायचा असला की आई त्याचं नाव घेऊ देत नाही. नुसतं ‘ते’ म्हणायचं. ‘ते’ आण, ‘ते’ लाव. नाव घेतलं की त्यांना कळतं म्हणे.”

“माझ्याही घरी असंच होतं,” मॅडम म्हणाल्या. “बरं, सुट्टीत आमच्याबरोबर काम करशील? आम्हाला लोक दारातूनच वाटेला लावतात. तुझ्यासारखी बोलणारी मुलगी हवीय.”

वेदिका हवेत तरंगतच घरी आली.

काम सोपं होतं. टीम यायच्या आदल्या दिवशी घरोघर जायचं आणि पिंजरे कशासाठी ते समजावून सांगायचं. उंदीर सापडला की त्याच्या रक्ताची तपासणी व्हायची. मॅडमनी तिला लॅपटॉपवर शहर दाखवलं. प्रत्येक गल्लीचा ठिपका वेगळ्या रंगाचा.

“उंदीर आपली गल्ली सोडत नाही,” त्या म्हणाल्या. “मोठा रस्ता आडवा आला की त्याचं जग तिथेच संपलं. मग त्या गल्लीतला विषाणूही तिथेच राहतो आणि हळूहळू जरा वेगळा होत जातो. सुरगाण्याचा माणूस तोंड उघडताच कळतं ना कुठला ते? तसंच. विषाणू बघितला की उंदराची गल्ली सांगता येते.”

सातपूरच्या कामगार वस्तीत, जुन्या नाशकातल्या बोळांत, आडगावकडच्या कांद्याच्या चाळींत वेदिका हिंडली. स्पर्धेत शिकली होती तशी आधी खणखणीत ओळख करून द्यायची. “नमस्कार! मी वेदिका, मखमलाबाद रोडला राहते. उद्या तुमच्याकडे पिंजरा लागणार आहे!”

लोक दचकायचे. जुन्या नाशकात कुसाबाई नावाच्या म्हातारीने तर तिच्या तोंडावर हातच ठेवला. “अगं ए भवाने, हळू! वर सगळं ऐकू जातं.”

“जाऊ दे की आजी! पाहुणे आहेत, आमंत्रण नको का द्यायला?” वेदिकाने हात बाजूला करून पुन्हा नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मॅडमच्या टीममधला सनीसुद्धा पोट धरून हसला.

कुसाबाई हसली नाही. तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

कुसाबाईच्या घरातला पिंजरा रिकामा निघाला. सातपूरला रिकामे, आडगावला रिकामे. आतलं भजं जसंच्या तसं. शेजारचं घर आदल्या दिवशी बंद होतं म्हणून वेदिका तिथे काही बोलली नव्हती, तिथे मात्र एका पिंजऱ्यात दोन दोन उंदीर.

“वेदे, तू नजर लावतेस काय गं?” सनी म्हणाला.

मॅडम कुसाबाईच्या माळ्यावर टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिल्या. उंदरांच्या लेंड्या होत्या, सगळ्या वाळलेल्या. ताजी एकही नाही.

त्याच सुमारास वेदिकाच्या घरी वर आवाज सुरू झाला. तिच्या पप्पांनी, ज्ञानेशनी, मातोरीच्या मळ्यातल्या झेंडूच्या दसऱ्याच्या कमाईतून पत्र्याखाली पांढरंशुभ्र पीव्हीसीचं सीलिंग करून घेतलं होतं. त्याच्यावर आता खुडबुड चालायची. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे.

“मांजर असेल,” आई म्हणाली, पण आवाज बारीक करून.

वेदिका भाषणाची तयारी करायला उभी राहिली की खुडबुड थांबायची. ती गप्प झाली की पुन्हा सुरू. तिने दोनदा मुद्दाम करून बघितलं. तिसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

मग तिच्या सात वर्षांच्या बहिणीला, सायलीला, ताप आला. अंगावर लाल पुरळ, डोळे सुजलेले, लघवी बंद. डॉक्टरांनी डायलिसिसवर घेतलं. ताप उंदरांपासूनचा होता.

साधना मॅडम स्वतः घरी आल्या. कुणीही एक शब्द बोललं नाही. मॅडमनी खुणेनेच सनीला शिडी धरायला लावली आणि सीलिंगच्या फटीतून पिंजरे आत सरकवले. सकाळी ते खाली काढताना सनीचे हात जडावले. एकही रिकामा नव्हता.

तपासणी झाल्यावर मॅडम हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आल्या. लॅपटॉप उघडला. वेदिकाच्या घरावर ठिपक्यांचा गोळा झाला होता. हिरवा, जांभळा, पिवळा, तपकिरी.

“यातला एकही तुमच्या भागातला नाही. हे सातपूरचे, गोदावरी ओलांडून. हे आडगावचे, हायवे ओलांडून. हे कुसाबाईंच्या बोळातले.”

“मॅडम, मी जिथे जिथे बोलले…”

मॅडमनी लॅपटॉप मिटला. प्रश्नाला न हसणाऱ्या त्याच मॅडम आता तिच्याकडे बघतही नव्हत्या. उठताना त्या अगदी कुजबुजत म्हणाल्या, “आणि हे फक्त पिंजऱ्यात आलेले, वेदिका.”

सायली हळूहळू सावरली. डॉक्टर म्हणाले, “उद्या घरी न्या. किडन्या वाचल्या, नशीब. पण आत्ताच्या अवस्थेत पुन्हा असा ताप आला तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

घरी! पप्पांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं होतं, मामांनी विषाच्या वड्या आणल्या होत्या. एकाही वडीला दात लागला नव्हता. आणि वरचे आवाज वाढतच होते.

मग तिला वाटलं, सायलीला इथेच ठेवावं. दुपारी ती वॉर्डमधल्या सिस्टरना म्हणाली, “तिला अजून थोडे दिवस राहू द्या ना. मी पण इथेच राहते आजपासून, तिच्याजवळ.”

“आजची रात्र राहा, पुढचं डॉक्टर ठरवतील,” सिस्टर म्हणाल्या. सायली तिचं बोट धरून झोपली.

संध्याकाळी चहाची गाडी वॉर्डातून गेली, आणि सायलीच्या पलंगाच्या बरोबर वर काहीतरी टकटकलं.

एकदा. मग पुष्कळदा.

छताच्या चौकोनी पॅनेलमधून पांढरी भुकटी सायलीच्या पांघरुणावर पडली.

वेदिका उठली. “मी नाही राहत इथे,” ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. “मी घरी चालले. मखमलाबाद रोडला.”

टकटक थांबली.

मामांना सायलीजवळ बसवून ती रिक्षाने घरी पोचली, तेव्हा वर सगळे आलेले होते.

आई दिवसभर उन्हात तापवलेली सायलीची गादी आत आणत होती. पप्पा भिंतीला टेकून बसले होते, डोळे सुजलेले. “उद्या दहाला आणतो तिला,” ते म्हणाले. “काय व्हायचं ते होऊ दे. आता दुसरं घर कुठून आणू?”

सीलिंग मधोमध खाली झुकलं होतं.

“आई, पप्पा,” वेदिका म्हणाली. “मी ठरवलंय. मी इथे राहणार नाही.”

“काय बडबडतेस?”

“मातोरीच्या मळ्यात, विहिरीजवळची मोटारीची खोली रिकामी आहे. मी तिथे राहणार. आजपासून. कायमची.”

आईच्या हातातून गादी सुटली. वर, भिंतीच्या कडेने, मातोरीच्या दिशेला, पावलांचा एक लांबच लांब लोंढा निघाला. संपतच नव्हता.

“एकटी?” पप्पांचा आवाज फाटला. “वेदू, एकटी राहणार तू तिथे?”

वेदिकाने डोळे पुसले. स्पर्धेत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मातोरीला. मोटारीच्या खोलीत. दार उघडंच ठेवीन. सायलीला तिथे कुणीही आणायचं नाही.”