सुनांच्या डोळ्यांखालची सावली

डोहाळजेवणात सुनेचा चेहरा उजळ दिसावा म्हणून अनुसयाबाई रेणूला घेऊन गडहिंग्लजला शेवंताच्या पार्लरमध्ये आल्या. उजळलेप लावला की डोळ्यांखालची काळी वर्तुळं तासाभरात जात. लेप कातडीत मुरे आणि वर्षभर टिके. मात्र आधी छायाभिंग लावायचंच, असा नियम होता. कातडीआड डोकावून ते भिंग सावलीचं मूळ सांगे: जागरण, ॲलर्जी, आईबापाकडून आलेला रंग, की आणखी काही.

शेवंतानं रेणूच्या डोळ्याखाली भिंग धरलं. काचेत रंग उमटले, तशी ती अनुसयाबाईंकडे वळली.

"मावशी, हिचं रक्त फार कमी झालंय. कातडी फिकटली, म्हणून खालच्या शिरा काळ्या दिसतात."

"काहीतरीच तुझं. आमच्या घराण्यातच आहे ते. मला बघ. माझ्या सासूला होतं, जावेला होतं."

"तुम्ही सगळ्या सुनाच की. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या. घराण्याचं तुमच्यात कसं उतरेल?"

अनुसयाबाईंनी समोरच्या आरशात स्वतःचे डोळे पाहिले.

"काय खावंसं वाटतं गं?" शेवंतानं रेणूला विचारलं.

"भाजकी माती. आत्याबाईच आणून देतात बाजारातनं," रेणू सासूकडं बघत म्हणाली.

"मग? ‘मातीचे डोहाळे बाई, पोटी भुईचा राजा’, गाण्यातच आहे," अनुसयाबाई म्हणाल्या.

"रक्तातलं लोह आटलं की माती गोड लागते, मावशी. रेणू, लोहाच्या गोळ्या घेतेस का गं?"

"घेते, चहाबरोबर."

"चहा ते लोह अंगी लागू देत नाही. आणि जेवतेस कधी?"

"आत्याबाईंच्या संगं. सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते."

शेवंतानं लेपाची डबी पुढ्यात ठेवली. "हा लावला तर दवाखान्यातल्या भिंगालाही काही दिसणार नाही. बाळंतपणात कळून काय उपयोग? तुमच्या जाऊबाई कुठं असतात?"

अनुसयाबाईंनी डबी बाजूला सारली.

"बाळंतपणातच गेली," त्या म्हणाल्या. "फार गोरी दिसत होती त्या दिवशी."

मग त्यांनी भिंग ओढून स्वतःच्या डोळ्याखाली धरलं. काचेत तेच रंग उमटले.

"ऊठ रेणू. आधी दवाखाना. आणि आजपासून तू पहिल्या पंगतीला बसायचं."

"आणि तुम्ही, मावशी?"

अनुसयाबाई दाराशी थबकल्या. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मी?" त्या हळूच म्हणाल्या. "आता या वयात मी कुणाच्या आधी ताट वाढून घेऊ गं?"