उसनं पदक

माझ्या नवऱ्याला, उत्कर्षला, कार्निव्हलच्या पथकात घेतलं, तेव्हा त्याने आधी पुण्याला फोन लावला आणि मग मला सांगितलं. जर्मनीत, बॉनमध्ये, आम्हाला बरीच वर्षं झाली होती, पण ऑफिसबाहेर कोणी त्याला आपल्यात ओढलं ते पहिल्यांदाच. इथली काही पथकं जुन्या राजांच्या काळातल्या सैनिकांची नक्कल करतात. निळा लोकरी कोट, पितळी बटणं, खांद्यावर पलटणीचा आकडा, छातीवर पत्र्याची पदकं. गंमतच सगळी.

त्यातलं एकच पदक खरं होतं. पांढऱ्या मिन्याचा क्रूस, त्यावर मुकुट. राजाने कोणा शिपायाला दिलेला म्हणे. पथकातल्या नव्या माणसाने पहिला मोसम तो लावायचा, असा रिवाज. पथकाचे म्हातारे प्रमुख क्रेमर यांनी स्वतःच्या हाताने तो उत्कर्षच्या कोटावर लावला.

पहिल्या सरावानंतर त्याचं बनियन धुवायला घेतलं, तर डाव्या बाजूला पिवळट, चिकट डाग. वास ओळखीचा होता. मी नर्स आहे, हॉस्पिटलमध्ये न भरणाऱ्या जखमांची ड्रेसिंग करते. तो पू होता.

"शर्ट काढ," मी म्हटलं.

कातडी स्वच्छ होती. साधा ओरखडाही नाही.

"अगं, लोकर आहे. घाम येतो," तो म्हणाला.

मी क्रूस काढून उलटा केला. पाठ ओलसर होती. स्पिरिटने पुसली, तर कापूस पिवळा झाला. पुन्हा पुसली. कोरडा करून खिडकीत ठेवला आणि चहा घेऊन आले, तर तो परत ओला. त्या ओलीत बारीक सोनेरी केस चिकटले होते. आमच्या घरात सोनेरी केसांचं कोणी नाही. मी बेसिनकडे धावले.

त्यानंतर त्याचं बनियन मी हातमोजे घालूनच उचलायची, वेगळं उकळायची. तरी वास कपाटातल्या साड्यांपर्यंत पोचला. जेवताना त्याच्या शेजारी बसवेना.

"परत दे ते पदक."

"रोझेनमोंटागची मोठी मिरवणूक होऊ दे ना. अगदी तोंडावर परत केलं तर काय वाटेल त्यांना?"

मिरवणुकीच्या दिवशी स्वच्छ ऊन आणि बोचरी थंडी होती. पथक आलं. उत्कर्ष हसत होता, पण चेहरा मेणासारखा. क्रूसाखालचा कोट वीतभर भिजून काळा पडला होता. माझ्या शेजारच्या बाईने मफलर नाकावर ओढला.

मिरवणूक संपल्यावर मी पथकामागोमाग त्यांच्या हॉलमध्ये शिरले. बिअर, भाजलेलं सॉसेज, दमट लोकर, आणि त्या सगळ्यावर तो वास. तिथे कोणाचंच नाक वाकडं झालं नव्हतं.

"उत्कर्ष, घरी चल."

"थांब ना, आता टोस्ट आहे."

मी क्रूस धरला. गरम होता. बोटांखाली किंचित मऊही. ओढला, पण येईना. कापडामागे काहीतरी ताणलं गेलं, वाळलेलं ड्रेसिंग सोलताना ताणतं तसं. मी जोर लावला.

क्रूस हातात आला. मागची पिन मुळापासून तुटून माझ्या बोटांत राहिली.

उत्कर्ष ओरडला नाही. त्याचे दात वाजत होते.

"दे ना मैथिली. फार थंडी वाजतेय."

"नाही."

क्रेमर पुढे आले. रागावले नाहीत. माझ्या तळहातावरून त्यांनी क्रूस अलगद उचलला, पाठीवरचा चिकटा अंगठ्याने निपटला आणि अंगठा चाटला.

"हं," ते म्हणाले, "सुरुवातीला बायकांना जड जातं."

त्यांनी क्रूस उत्कर्षच्या छातीवर टेकवला आणि हात काढून घेतला.

उत्कर्षचे दात वाजायचे थांबले. त्याने ग्लास उंचावला.

पिन माझ्या मुठीत टोचत होती. क्रूस खाली पडला नाही.