चिकट मेणाचा रविवार

"माझ्या भाच्यासाठी बघतोय," तो म्हणाला.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारची गोष्ट. ग्रानलीदालच्या शाळेच्या हॉलमध्ये जुन्या स्कींची अदलाबदल चालली होती. मुलं वाढतात, स्की काही वाढत नाहीत. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर सगळं खोरं इथे लोटतं, आखूड पडलेली जोडी ठेवतं आणि लांब जोडी उचलतं. टेबलामागे सुन्निवा उभी होती. स्की क्लबचा मुलांचा वर्ग ती घ्यायची, त्यामुळे हे कामही तिच्याच गळ्यात पडलेलं.

"किती वर्षांचा आहे भाचा?"

"सहा."

"उंची?"

तो जरा घुटमळला. "एक मीटर... ब्याऐंशी."

सुन्निवाने मान वर केली. समोरचा माणूस बरोब्बर तेवढाच उंच होता, आणि त्याचे कान हळूहळू लाल व्हायला लागले होते.

"सहाव्या वर्षीच एवढा? काय खायला घालता रे त्याला?"

"मासे. आम्ही बर्गनचे."

"असं सांग की. बारा महिने पाऊस पिऊन वाढलाय पोरगा." तिने मागच्या रांगेतली सगळ्यांत लांब जोडी ओढून काढली आणि त्याच्या हातात दिली. "भाच्याला म्हणावं, मंगळवारी सहा वाजता शाळेमागच्या मैदानावर ये. एकट्याला लाज वाटत असेल तर मामाला घेऊन ये."

"मामा त्याच्याहून लाजरा आहे," तो म्हणाला... आणि हसला. झालं! सुन्निवाच्या हातातली पेन्सिल टेबलाखाली गेली, ती शोधायच्या निमित्ताने ती जरा जास्तच वेळ खाली वाकून राहिली.

तो योस्टाइन. शाळेत संगीत शिकवायला आलेला, जूनपर्यंतच्या करारावर. तिशीला टेकलेला नॉर्वेजियन पुरुष आणि त्याला स्की येत नाही, ही गोष्ट या खोऱ्यात म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहता न येण्यासारखी. बर्गनमध्ये चालून जात असेल, इथे नाही.

पण मंगळवारी तो आला. सहा-सात वर्षांची चौदा पोरं ओळीने, आणि ओळीच्या टोकाला हा ताडमाड. पडला किती वेळा ते विचारू नका. पोरांना तर पर्वणीच.

"योस्टाइन, गुडघे वाकव," सात वर्षांची तूवा त्याला बजावायची. "मग जमीन जवळ येते, लागत नाही."

"तू शिकवतेस की सुन्निवा?"

"सुन्निवा तुझ्याकडे बघत बसते. शिकवणार कोण?"

सुन्निवाने घाईघाईने दुसरीकडे बघितलं. बर्फ भुरभुरत होता, दिव्याच्या उजेडात त्याच्या भुवयांवर पांढरे ठिपके बसले होते, आणि ते पुसायचंसुद्धा त्याला सुचत नव्हतं. दोन्ही हातांत काठ्या, दोन्ही पायांत संकट.

"कसं चाललंय माझं?" वर्ग संपला की तो दर वेळी विचारायचा.

"वाईट नाही," ती म्हणायची.

आता हे इथल्या माणसांचं दुखणं. ग्रानलीदालमध्ये 'वाईट नाही'च्या वर स्तुती नाही. सुन्निवाच्या बापाने लग्नाच्या दिवशी नवरीला बघून हेच दोन शब्द काढले होते, आणि आई ते अजून सांगते, कौतुकाने. बर्गनच्या माणसाला हे कोण समजावणार? त्याला वाटायचं, आपण जेमतेम पास.

असे तीन महिने गेले. सुन्निवा लाकडाच्या गिरणीच्या कचेरीत बसून मंगळवार मोजायची. फेब्रुवारीत कानावर आलं की शाळेने योस्टाइनला पत्र दिलंय: कायमचा राहतोस का? उत्तर सोमवारपर्यंत हवं. तो काय ठरवतोय हे तिला विचारायचं होतं. पण धीर होत नव्हता. कारण विचारायचं म्हणजे, तुला कशाला चौकशी, हेही सांगावं लागलं असतं. आणि तो नाही म्हणाला तर... तर जूननंतर मंगळवार कसले आणि काय कसले!

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, क्लबचा कुटुंबांचा स्की-दिवस होता. ज्यांनी जन्मात स्की पायाला लावली नाही, त्यांच्यासाठी. सुन्निवा त्यासाठी अकरा दारं हिंडली होती. वृद्धाश्रमात काम करणारी अबरेहत तर तीनदा नाही म्हणाली होती. एरिट्रियातून येऊन चार वर्षं झाली होती तिला.

"तुम्ही सगळे स्की लावूनच जन्माला येता," अबरेहत म्हणाली होती. "माझी पोर तिथे पडेल आणि सगळे बघतील."

"आमचा संगीतमास्तर रोज पडतो. त्याला बघायलाच ये."

या दिवसाची कामं सगळं गाव मिळून करतं, फुकट. यादीत नाव घालायचं आणि काम उचलायचं, मग कोणी वाफल भाजतं, कोणी कोको उकळतं. योस्टाइनने यादी बघितली आणि कुठे नाव घातलं? मेणाच्या खोलीत. मेण लावणं म्हणजे इथे धर्मच. बर्फ कोरडा की ओला, ताजा की शिळा, त्यावरून स्कीच्या तळाला कुठलं मेण लावायचं ते ठरतं, आणि त्यावरून सख्खे भाऊ वर्षवर्ष अबोला धरतात.

शनिवारी दुपारी बर्फ वितळून पार खरबरीत झाला होता. सुन्निवा मेणाच्या खोलीच्या दारातून निघता निघता क्लबच्या म्हाताऱ्या हालग्रिमला म्हणाली, "असाच राहिला तर उद्या क्लिस्टरशिवाय गत नाही." क्लिस्टर म्हणजे ट्यूबमधलं लाल चिकट मेण. ओल्या जुन्या बर्फावर तेच पाय धरतं. कोपऱ्यात बसलेल्या योस्टाइनने हे ऐकलं. 'असाच राहिला तर' एवढं मात्र त्याच्या कानाबाहेरच राहिलं.

रविवारी सकाळी सुन्निवाने पडदा सारला. रात्रीतून पारा उणे सातवर उतरला होता आणि वीतभर ताजा, भुसभुशीत बर्फ पडला होता. दृष्ट लागावी असा दिवस... आणि ती मैदानावर पोचली तर चाळीस जोड्या लाल क्लिस्टरने माखून भिंतीला टेकलेल्या. ताज्या बर्फात क्लिस्टर! पोरांनी पाय टाकला की बर्फाचे गोळे तळाला चिकटायला लागले. दहा पावलांत सगळी पोरं उंच टाचांच्या बुटांत उभी. एक स्की सरकेल तर शपथ.

आईबाप बघताहेत, क्लबची मंडळी गालातल्या गालात हसताहेत. सुन्निवाचं डोकं फिरलं.

"कोणी लावलं हे?"

"मी," योस्टाइन पुढे आला. बोटं अजून लाल होती. "काल सगळ्या जोड्या... मला वाटलं, तुला सकाळी तेवढंच काम कमी."

"ज्याला येत नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याने हात लावू नये."

योस्टाइनने मान हलवली, एकदाच, आणि तो मेणाच्या खोलीकडे चालायला लागला. पण सुन्निवाची नजर गेली अबरेहतकडे. अबरेहत खाली वाकून लेकीच्या पायातल्या स्की सोडवत होती. निघाली होती ती. ज्याला येत नाही त्याने हात लावू नये. अकरा दारं हिंडून ज्यांना आणलं, त्यांच्याच तोंडावर आपण हे बोललो! सुन्निवाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"नको काढूस," अबरेहतची पोर म्हणाली. मिल्येत तिचं नाव, वय पाच. "आई, हे घसरत नाही."

"म्हणूनच म्हणते, खराब आहे. चल."

"खराब नाही. बघ." मिल्येतने टेकडीकडे तोंड केलं आणि चालायला लागली. धप, धप, धप. चढावर नव्या पोरांची स्की नेहमी मागे घसरते, ती रडतात, घरी जायचं म्हणतात. ही सरळ वर गेली आणि अर्ध्या टेकडीवर उभी राहून आईला हात करायला लागली.

मग काय, सगळीच पोरं निघाली. त्यांच्यामागून आया निघाल्या, एरवी कडेला थर्मास धरून उभ्या राहणाऱ्या. अबरेहतसुद्धा निघाली, आधी खालमानेने, मग हसत. वरून खाली यायला स्की सरकेनात, तर पोरांनी स्की काढून ढुंगणावर घसरगुंडी केली आणि पुन्हा वर चढली. तासाभरात एकही पोर रडलं नव्हतं. दहा वर्षांत असा दिवस झाला नव्हता.

"वाईट नाही," हालग्रिम वाफल चावत म्हणाला.

"मी त्याला काय बोलले ऐकलंस ना?"

"ऐकलं. अख्ख्या खोऱ्याने ऐकलं." त्याने मिशीवरचा जॅम पुसला. "काल चार तास खपत होता पोरगा. मी सांगितलं, उद्याचं हवामान बघ. तर म्हणतो, सुन्निवा म्हणालीये ना, मग झालं."

सुन्निवाने हातातला कप त्याच्याच हातात कोंबला आणि ती पळत सुटली.

मेणाच्या खोलीत योस्टाइन उरलेल्या जोड्या बाकावर घेऊन खरवडत होता. कोपरापर्यंत क्लिस्टर.

"पोरं वर चढली," ती धापा टाकत म्हणाली. "तुझ्या मेणामुळे."

"माहितीये. खिडकी आहे."

"मग बाहेर का नाही आलास?"

"ज्याला येत नाही..."

"नको. परत नको ते." तिने दार लोटून घेतलं. "चुकलं माझं. सगळ्यांसमोर चुकलं. आणि दुसरं असं की... उद्या तुला उत्तर द्यायचंय शाळेला. मला माहीत आहे. मी तुला विचारलं नाही, कारण तू जातो म्हणालास तर मला बरं वाटल्याचं नाटक करावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. जाऊ नकोस. शाळेसाठी नाही म्हणत मी. शाळेला दुसरा मास्तर मिळेल. मला... मला तू हवा आहेस. नोव्हेंबरपासून. भाचा म्हणालास तेव्हापासून."

तो खरवडायचा थांबला होता. मग म्हणाला, "माझ्या जाकिटाच्या खिशात पाकीट आहे. काढ. माझे हात असे आहेत."

तिने काढलं. शाळेचं पत्र, खाली त्याची सही, होकारावर खूण. तारीख गुरुवारची.

"गुरुवारीच सही केलीस?" तिने पत्र दोनदा वाचलं. "मग मला एवढं सगळं बोलू का दिलंस?"

"तीन महिने मी 'वाईट नाही'वर काढले, सुन्निवा. तू पहिल्यांदा सलग बोलत होतीस. मध्ये तोंड घालायला मी काय वेडा आहे?"

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तरी राहणार होतो. मंगळवारी वर्ग असतो माझा." तो आपल्या लाल बोटांकडे बघत म्हणाला, "सहा वर्षांच्या पोरांबरोबर. चौथ्या वर्षीही पडलो असतो, पण आलो असतो."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच. ती त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. त्याने मात्र दोन्ही हात लांब धरले होते.

"जाकीट जाईल तुझं. पांढरं आहे."

"जाऊ दे."

"निघत नाही म्हणे हे."

"योस्टाइन... धर ना आता."

आणि त्याने तिला घट्ट जवळ घेतलं. खिडकीच्या काचेवर बर्फ टकटकत होता, खोलीत डांबराचा आणि मेणाचा वास, आणि त्याच्या ओठांवर, देवाशपथ, कोकोची चव होती.

बाहेर बक्षिसांची वेळ झाली होती. इथे लहान मुलांचा वेळ कोणी मोजत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो, जो आला त्याला पदक. सुन्निवा पदकांची पेटी घेऊन पुढे आली आणि पोरांसमोर वाकली. साहजिकच तिची पाठ आईबापांकडे, क्लबकडे, हालग्रिमकडे, अख्ख्या ग्रानलीदालकडे झाली. मागची कुजबूज एकाएकी थांबली.

मिल्येत पदकासाठी पुढे आली होती, तिने वाकून सुन्निवाच्या मागे बघितलं.

"सुन्निवा, तुझ्या पाठीवर हात आहेत. लाल."

"हो."

"कोणाचे?"

सुन्निवाने तिच्या गळ्यात पदक घातलं, टोपी सारखी केली. मेणाच्या खोलीच्या दारात एक मीटर ब्याऐंशीचा माणूस लाल हात कुठे लपवावेत ते न कळून उभा होता.

"योस्टाइनचे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि पुढच्या पोराला हाक मारली.