उसनी शाल

बातमी आली त्या गुरुवारी मी स्वयंपाकघराच्या दारात बसून वाल सोलत होतो. शाळेला सुट्टी होती. फेब्रुवारी म्हणजे आमच्या इकात ऐन उन्हाळा; दुपारी घराच्या पत्र्यावर हात ठेवता येत नाही. रोसाल्बा मात्र चुलीला चिकटून बसली होती. पायांत लोकरीचे मोजे, अंगात दोन स्वेटर.

"पप्पा, सोलताय की खाताय?"

"कच्चे वाल कोण खातं?"

"तुम्ही. मम्मी म्हणायची ना, टोपलीभर वाल दिले की वाटीभर परत येतात."

ती हसली आणि हसता हसता तिचे दात वाजले. डिसेंबरपासून हे असेच चालले होते. तीन डॉक्टर झाले. रक्त चांगले, छाती चांगली. तिसऱ्याने विचारले, "आईला जाऊन किती दिवस झाले?" मी सांगितले, सहा महिने. त्याने मान हलवली आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याला हे माहीत नव्हते की तिची आई, माझी नेलिदा, अशीच गेली होती. मे महिन्यात थंडी वाजते म्हणाली आणि ऑगस्टमध्ये, सात ब्लँकेटांखाली, गेली.

फोन ओफेलियाबाईंचा होता.

"मास्तर, दादा गेला. परवा संध्याकाळी. मडक्यांच्या खोलीत, खुर्चीतच."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ लेआंद्रो साल्सेदो. वाळवंटाच्या कडेला त्यांचे घर होते आणि घरात चाळीस वर्षांत जमवलेली जुनी मडकी आणि कापडे. आमच्या भागात वाळूखाली हजारो वर्षांपूर्वीची माणसे बसलेली आहेत. मडकी त्यांच्याजवळची, कापडे त्यांच्या अंगावरची. मी त्या वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहीत असे. नेलिदा अकरा वर्षे तिथे फाटकी कापडे सांधत होती. ते सगळे कुठून येते हे आम्ही दोघांनीही कधी मोठ्याने विचारले नाही.

"सोमवारी लिमाहून सरकारची माणसं येणार, सगळं नेणार," ओफेलियाबाई म्हणाल्या. "यादी तुम्हीच करा. दादाचं अक्षर दादालाही लागायचं नाही."

शनिवारी मी गेलो. पाचवा दिवस होता, मेलेल्याचे कपडे धुण्याचा. अंगणात दोन बायका कालव्याच्या पाण्यात शर्ट बुडवत होत्या आणि ओफेलियाबाई खुर्ची टाकून एकेक कपडा मोजत होत्या. भिंतीशी, भर उन्हात, म्हातारा तिबुर्सियो बसला होता. लेआंद्रोंसाठी वाळू उकरणारा तोच.

"सावलीत ये की रे मेल्या, वाळून खारीक होशील," ओफेलियाबाई म्हणाल्या.

"मालकांनी मडकी कापसात ठेवली अन् मला उन्हात, बाई. आता सवय झाली."

"बघा मास्तर, याची जीभ. अरे, दादाचं तपकिरी जाकीट कुठंय? ते नाही सापडलं तर पाचवा पुरा कसा व्हायचा?"

तिबुर्सियोचे हसू गेले. तो जमिनीकडे पाहत राहिला.

मी आत गेलो. खोली लांबट, दोन्ही बाजूंना फळ्या. पक्ष्यांच्या तोंडांचे, माशांच्या पोटांचे, डोळे मिटलेल्या माणसांचे कुंभ. पलीकडच्या टोकाला कापडांचे सपाट खण आणि खिडकीपाशी नेलिदाची खुर्ची. मी तिच्याकडे पाठ करून बसलो आणि लिहू लागलो.

तीनच्या सुमारास वारा सुटला. आमच्याकडचा हा वारा समुद्रावरून येतो आणि वाळवंट उचलून गावावर टाकतो. पाहता पाहता खिडकी पिवळी झाली, मग तपकिरी, मग तिथे खिडकी आहे एवढेच कळू लागले. अंगणातल्या बायका ओरडत आत पळाल्या. मी दिव्याचे बटण दाबले. वीज गेलेली होती. फटींतून बारीक वाळू शिरत होती, फळ्यांवर पडत होती. तिचा आवाज कोणी कुजबुजत असल्यासारखा.

मग एका कुंभातून शीळ आली.

तसे कुंभ असतात. पोटात शिट्टी असते. हवा शिरली की वाजतात. मी स्वतःच तशी चिठ्ठी लिहिली होती. पण एक वाजला, थांबला, आणि त्यापुढचा वाजला. मग त्यापुढचा. दारापासून माझ्याकडे… एकेक करून. कोणी फळीच्या कडेने सावकाश चालत, प्रत्येकाच्या तोंडाशी तोंड नेऊन श्वास सोडत यावे, तसे.

शेवटचा कुंभ माझ्या डाव्या कोपराशी होता. तो वाजला नाही. पण त्याच्या तोंडावरची धूळ उडाली.

आणि गारठा आला. तळघराचे झाकण उघडल्यावर येतो तसा, खालून.

माझ्यासमोरचा चौदावा खण अर्धा उघडा होता. मी तो उघडला नव्हता. आत ते मोठे पांघरूण होते, लाल जमिनीवर उडत्या माणसांची रांग भरलेले. नेलिदाने शेवटी सांधलेले हेच. मी हात घातला. दोन हजार वर्षांचे कापड कोरडे, हलके, वाळलेल्या पानासारखे लागते. हे ओलसर होते. आताच कोणाच्या तरी अंगावरून ओढून काढल्यासारखे.

"मास्तर… हात काढा."

दारात तिबुर्सियो उभा होता. त्याच्या पापण्यांवर वाळू होती.

"ते आजीचं आहे," तो म्हणाला. वाळूतल्या सगळ्या मृतांना हे लोक आजोबा किंवा आजी म्हणतात. "गेल्या गुड फ्रायडेला काढलं. मालक स्वतः आले होते बरोबर."

"मग?"

"तुम्ही शिकलेली माणसं, हसाल. पण आजीला उघडी टाकून यायचं नसतं. तिच्या अंगावरचं घेतलं की आपल्या अंगावरचं द्यायचं. नवं चालत नाही. वापरलेलं, आपल्या उबेचं. माझे तेरा सदरे आहेत खाली. तेरा वेळा थोडी थोडी ऊब गेली. म्हणून तर उन्हात बसतो."

मी हात काढून घेतला.

"त्या दिवशी मी सदरा विसरलो, मास्तर. मालक म्हणाले, थांब. गाडीत कापडं गुंडाळायला चिंध्या टाकल्या होत्या, त्यातून त्यांनी काहीतरी ओढलं अन् दिलं. मी टाकलं आजीवर. वर आल्यावर माझ्या ध्यानात आलं… राखाडी लोकरीची शाल होती."

ती शाल नेलिदाच्या आईने विणली होती. काम करताना नेलिदा ती या खुर्चीवर टाकत असे. घरी रोसाल्बा पळवून पांघरत असे आणि दोघी भांडत. नेलिदाचे कपडे धुतले त्या पाचव्या दिवशी आम्ही ती सगळीकडे शोधली होती.

"मनानं दिलं तर आजी थोडंच घेते," तिबुर्सियो म्हणाला. "दुसऱ्याचं, न विचारता दिलं, तर ओढतच राहते. शाल किती जणींनी वापरली हे तिला काय ठाऊक… सगळ्यांकडून ओढते."

"लेआंद्रोंना माहीत होतं?"

"पोरीचं कानावर आलं तेव्हा घाबरले. गेल्या महिन्यात मला घेऊन गेले अन् आपलं जाकीट टाकून आले. म्हणाले, शालीऐवजी हे घे. पण शाल काढायला खाली उतरेचनात. म्हातारा माणूस, थोडी ऊब होती, तेवढीही गेली."

"आता काय करायचं?"

"तिचं तिला, आपलं आपल्याला. दुसरं काही नाही. अन् ते तुम्हीच करायचं. घरातलं माणूस लागतं."

बाहेर वारा पडला. मी यादीत तेरानंतर पंधरा लिहिले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. रोसाल्बा उठली नव्हती. कपाळाला हात लावला तर पहाटेच्या दगडासारखे गार. "लवकर या," एवढेच म्हणाली.

दोन तास वाळू. मग एका उतारावर तिबुर्सियोने गाडी थांबवली, फांद्या आणि चटई बाजूला केली. खड्डा माणसाच्या दीडपट खोल होता. सूर्य डोक्यावर, आणि खड्ड्याच्या तोंडाशी माझ्या हातांवर काटा आला. त्याने आजीला नैवेद्य म्हणून कोकाची पाने ठेवली, सिगारेट पेटवून वाळूत खोचली. वारा अजिबात नव्हता. धूर वर गेला नाही. सरळ रेषेत कडेपर्यंत आला आणि खड्ड्यात उतरला.

"जा. बोलू नका तिच्याशी."

दोराला धरून मी उतरलो. ती गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसली होती. वर जाकीट, खाली शाल. मी जाकीट उचलून वर फेकले. ते सहज निघाले.

या मृतांना मी ओळखतो. सुकून ते लहान मुलाएवढे होतात. शालीतले खांदे मोठ्या बाईचे होते.

आणि शालीला गाठ होती. नेलिदा शाल कधी गळ्याशी बांधत नसे. डाव्या खांद्यावर दोन वेढे आणि टोक आत खोचलेले; उजवा हात टाके घालायला मोकळा राहावा म्हणून. अशी गाठ मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही.

"तिबुर्सियो… ही गाठ तू मारलीस?"

तो कडेवरून आत वाकला.

"मी नुसती टाकली होती, मास्तर."

मी गाठीला हात लावला. लोकर ऊबदार होती. त्या अख्ख्या खड्ड्यात तेवढीच जागा ऊबदार होती. मी टोक ओढले, आणि माझ्या हाताखाली तो खांदा जरासा आक्रसला. झोपेत पांघरूण ओढले की माणूस आक्रसते, तसा.

नेलिदाच्या शेवटच्या रात्री मी तिला म्हणालो होतो, आता तुला थंडी वाजू देणार नाही.

"काढा," वरून आवाज आला. "उशीर करू नका… पोरीचा विचार करा."

मी पोरीचाच विचार करत होतो. दोघींचा करत होतो. मग मी पिशवीतून ते लाल पांघरूण काढले, शालीवरूनच नीट चारी बाजूंनी खोचले आणि दोर धरला.

तिबुर्सियोने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "दोन्ही तिच्याकडं ठेवून भागत नाही, मास्तर," एवढेच तो म्हणाला. परतीच्या वाटेवर त्याने गाडीच्या काचा बंद ठेवल्या.

जाकीट मी ओफेलियाबाईंना दिले. त्यांनी ते धुऊन वाळत घातले. सोमवारी सरकारी माणसे आली, यादीवर सही करून गेली. चौदा नंबर कोणी विचारला नाही.

त्याला आज अकरा दिवस झाले. तिबुर्सियो रोज गाडी घेऊन दाराशी येतो, तासभर उन्हात थांबतो आणि जातो. रोसाल्बा आता चुलीपर्यंत चालत येत नाही. तिच्या अंगावर सहा ब्लँकेटे आहेत. सातवे मी बाहेर काढून ठेवले आहे.

शाल मी अजून आणलेली नाही.