पत्र्याचा टप

गाडी घ्यायची हे मी केव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. प्रश्न राहिला होता तो टपाचा.

दोन सीटची, बुटकी, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. जुनी, पण अंग सांभाळून राहिलेली. तिच्याबरोबर दोन टप मिळत होते. एक काळा कापडी, मागे घडी घालून ठेवता येणारा. दुसरा पत्र्याचा, गॅरेजच्या छताला दोरांनी टांगून ठेवलेला. तो बसवायचा तर कापडी टप सांगाड्यासकट उतरवावा लागे.

"सारखी अदलाबदल करू नका, डॉक्टर," गॅरेजवाला म्हणाला. "बोल्टांची भोकं ढिली होतात. दोन्ही एकेकदा वापरून बघा आणि काय ते ठरवा. उरलेला न्यायला माझं दुसरं गिऱ्हाईक टपलेलंच आहे."

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष सर्जनच्या हातांकडे असतं. मी उशाशी बसून श्वास ऐकते. यंत्रं असतात, पण कान सुटत नाहीत. घरी मात्र ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. वडील गेल्यापासून त्यांच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवत होते, आणि तरी ते बंद असल्यासारखं वाटे.

भावाला गाडीचं सांगितलं तेव्हा तो फोनवर खो खो हसला. "ताई, दोनच सीट? दुसरीवर कोण बसणार आहे ते तरी कळू दे!"

"माझी पर्स," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा मिटून बसलं.

आधी कापडी टप वापरला. तो घडी करून उघड्यावर गाडी हाणली की केसांचं पार घरटं व्हायचं. टप लावला तरी वाऱ्याने कापड फडफडत राही, शेजारून ट्रक गेला की कानात भोंगा वाजल्यासारखं होई. पण त्या गोंगाटात एकटेपणा लक्षात येत नसे. मला ते आवडलं.

मग पत्र्याचा बसवून घेतला. दार लावलं आणि बाहेरचं जग एकदम लांब गेलं.

दुपारची वेळ होती. हॉस्पिटलमधून परतताना रेल्वेचं फाटक लागलं. मी इंजिन बंद केलं. उन्हात पत्रा तापून बारीक तडतडत होता. त्याखाली आणखी एक आवाज होता. श्वास. संथ, खोल, गाढ झोपलेल्या माणसाचा.

माझाच असेल म्हणून मी श्वास रोखला.

तो चालूच राहिला.

खिडकीचं रबर असेल, पंख्याची नळी असेल, असं स्वतःला समजावत घरी आले. दुसऱ्या दिवशी हवा गार होती. शेजारच्या सीटकडच्या काचेवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर, वाफेचा एक गोल धरला होता. तो लहान होई, मोठा होई.

मी थेट गॅरेज गाठलं. गॅरेजवाला आत बसला, दोन्ही दारं लावून घेतली. बराच वेळ बसला. बाहेर आला तेव्हा फडक्याने हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

"रबर ठीक आहे."

"आवाज आला का?"

"रबर ठीक आहे म्हटलं ना."

"आधी गाडी कुणाची होती?"

"एका बाईंची. हा टप त्यांनी कधी लावला नाही. धो धो पावसातसुद्धा कापडीच." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "तुम्हीही कापडीच ठेवा, डॉक्टर. त्यात वारा तरी असतो."

पुढच्या आठवड्यात बदलून घेते म्हणून मी निघाले. पण त्या रविवारी भावाचा फोन आला नाही. मी केला, तर तो घाईत होता. चहा केला, तो गार झाला. शेवटी पेपर घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले, गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं.

श्वास होता. मी मोठ्याने बातम्या वाचायला लागले.

पुढे रोजच जाऊ लागले. गतिरोधक आला की हळू घ्यायची, झोपमोड नको म्हणून. आज कोण पेशंट होता, सर्जन कुणावर खेकसला, सगळं हलक्या आवाजात सांगायची. भीती वाटत नव्हती असं नाही. पण घराची जास्त वाटायची.

एकदा मोठ्या रस्त्यावर तो श्वास थांबला.

मी वाट पाहिली. पुढचा आला नाही. गाडी कडेला घेतली. छाती धडधडत होती आणि गाडीत तेवढाच आवाज होता. डोकं काही ठरवायच्या आत हात सवयीने शेजारी गेला, हनुवटी जिथे असते तिथे, जबडा उचलून धरायला.

"श्वास घ्या," मी म्हटलं. "मोठा श्वास घ्या."

बोटांना काही लागलं नाही. पण तेवढीच हवा कोमट होती.

मग तो आला. लांब, भरलेला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. माझ्यावाचून कुणाचं तरी अडत होतं.

दुसऱ्याच दिवशी गॅरेजवाल्याला सांगितलं, पत्र्याचा पक्का करून टाका. त्याने बोल्ट आवळले, आत एकदाही न डोकावता.

"कापडी गेला बरं का," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आत्ताच घेऊन गेलं. परत मागू नका."

"नाही मागणार."

ऊन छान पडलं होतं. मी नदीवरच्या लांब पुलाचा रस्ता धरला. शेजारी संथ लय चालली होती. बऱ्याच दिवसांनी मी गुणगुणत होते.

पुलाच्या मध्यावर लय बदलली.

श्वास उथळ झाला. अडखळला. मग एकदम भरून आला, आणि पाठोपाठ घोट गिळल्याचा आवाज झाला.

हा क्रम मी जन्मभर ऐकला आहे. भूल उतरताना माणूस आधी घोट गिळतो. मग डोळे उघडतो. मग उशाशी कोण आहे ते बघतो.

पुलावर थांबायला जागा नव्हती. मी समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही.

शेजारच्या सीटचं चामडं हळूच करकरलं, माझ्या बाजूला.