एनॉकची टाच

आमच्या हॅलिफॅक्समध्ये लोकरीचे भाव पडले तर माणसं दोन दिवस हळहळतात. वाजवताना कुणाचा ताल चुकला तर वर्षभर टोमणे मारतात. मी जाबेझ ऑर्मरॉड. आठवडाभर गिरणीत लोकर निवडतो आणि शनिवारी हॉलमध्ये माझ्याहून उंच असलेला डबल बास वाजवतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. झालं ते सांगतो, बस्स.

तीस वर्षं आमचा वाद्यवृंद एनॉक सटक्लिफने चालवला. पहिल्या खुर्चीत बसून स्वतः व्हायोलिन वाजवायचा आणि उजव्या टाचेने फळीवर ठोका द्यायचा. बुटाच्या टाचेला लोखंडी नाल, तिच्या पाच खिळ्यांतला मधला केव्हाच गळालेला. ठोके देऊन देऊन फळीत वाटीएवढा खळगा पडला होता. ठोका पडला की आम्ही सुरू. मान वर करायची गरजच काय?

मग कमिटीने लंडनहून मिस्टर पेल्हॅमना संचालक म्हणून आणलं. नवीनच टूम होती ती. वाजवायचं काही नाही, समोर उभं राहून पांढरी छडी हलवायची, आणि त्याचा पगार!

"हवा ढवळून पोट भरतं, भाग्यवान आहे बुवा," एनॉक म्हणाला. आम्ही त्यांना काठीवाला म्हणायला लागलो.

पण माणूस लाघवी निघाला. वय जेमतेम सव्वीस. प्रत्येकाचा प्रत्येक सूर त्यांना पाठ. मला ताप आला तर मटणाचं गरम सूप घेऊन चार मैल चिखल तुडवत आले. एनॉकचाही जीव जडला त्यांच्यावर. एकटा तोच त्यांना 'पोरा' म्हणायचा.

"सटक्लिफ, तुमची टाच शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते," ते एकदा म्हणाले. "ती बंद करा."

"पोरा, शेवटच्या बाकाने तिकीट काढलेलं नसतं होय?"

तरी त्याने ऐकलं. म्हणजे, अर्धंच. ठोका इतका हलका केला की तो फक्त फळ्यांतून आमच्या तळव्यांना कळावा. आम्ही माना वर करून बघायचो छडीकडे आणि सुरात शिरायचो टाचेवर.

"आता आलात माझ्या हाताखाली!" पेल्हॅम खूश व्हायचे. एनॉक डोळा मारायचा. खरं सांगायला कुणाची जीभ रेटेना, आणि माझी तर मुळीच नाही.

वसंतातल्या मोठ्या कार्यक्रमानंतर कमिटी ठरवणार होती, काठीवाला ठेवायचा की परत पाठवायचा. पेल्हॅम लंडनची नोकरी सोडून, गरोदर बायकोला घेऊन आलेले. एका गावाने हाकललं की दुसरं गाव दारात उभं करत नाही.

आणि कार्यक्रमाच्याच आठवड्यात एनॉकची छाती कफाने भरली.

मंगळवारी भेटायला गेलो तर त्याने माझा हात घट्ट धरला. "जाबेझ, तो लांब विराम आहे ना, सगळे गप्प होतात आणि मग सगळ्यांनी एकदम शिरायचं तो? पोरगं तिथे तोंडघशी पडेल रे."

"तू पड आधी. बोलू नकोस."

"बघतो काहीतरी," तो म्हणाला. बुधवारी गेला.

त्याच्या बायकोने, हॅनाने, ती खळग्याची फळी मागून घेतली. शनिवारी सकाळी त्याला पुरलं तेव्हा पायांत तेच बूट होते आणि पायांखाली ती फळी. सुताराने हॉलमध्ये नवी पाइनची फळी ठोकली. एनॉकची खुर्ची आम्ही रिकामीच ठेवली, पाठीला काळी फीत बांधून.

दुपारी तीनला कार्यक्रमासाठी हॉल खच्चून भरला. सुरुवात निभावली, एकमेकांचे गज बघत कसेबसे रेटत होतो.

मग तो विराम आला.

पेल्हॅमनी छडी वर नेली. खाली आणली.

कुणी हललं नाही.

चाळीस माणसं तळव्यांनी वाट बघत होती. मागे कुणीतरी खाकरलं. पेल्हॅमचा चेहरा पांढराफटक पडला. मी सांगायला हवं होतं, हेच डोक्यात घुमत होतं.

ठक्.

आम्ही शिरलो. चाळीसच्या चाळीस, एका श्वासात.

टाळ्या थांबेनात. कमिटीने तिथल्या तिथे तीन वर्षांचा करार केला. मागच्या खोलीत पेल्हॅम माझ्यापाशी आले. 

"ऑर्मरॉड, माझ्या छडीवर कुणीच आलं नाही ना?"

मी सगळं कबूल केलं.  ते हसले, डोळे भरलेले होते. "म्हणजे तो ठोका तुम्ही दिलात. देव तुमचं भलं करो."

मी पाय पुढे केला. संधिवातामुळे महिनाभर मी लोकरीच्या सपाता घालत होतो.

आम्ही दोघं मंचावर गेलो. रिकाम्या खुर्चीसमोर, सकाळीच ठोकलेल्या कोऱ्या फळीवर, नालेची ताजी खूण होती. चार खिळ्यांचे ठसे. मधला नव्हता.

पेल्हॅम गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी खुणेवर तळहात ठेवला. "बरं, काका," एवढंच म्हणाले.

याला अकरा वर्षं झाली. आता आम्ही सगळे छडीकडे बघून वाजवतो. फक्त त्या विरामात पेल्हॅम छडी खाली ठेवतात आणि वाट बघतात. त्या खुर्चीत कुणी बसत नाही.

फळीतला खळगा आता वाटीएवढा झालाय.