नाकाखालच्या वेली

"सात पूर्णांक सहा!" टाकीवरचा आकडा पाहून डॉ. निर्झरा शेट्ये करवादली. "वेली आणल्यावर सामू वाढायला हवा होता. हा तर घसरतोय!"

जतच्या माळावर, समुद्रापासून इतक्या लांब, प्रवाळ-निवाऱ्याची ही इमारत उभी होती. कोकण किनाऱ्याचं पाणी सोसवेना इतकं तापलं, तेव्हा उरलेसुरले प्रवाळ इथल्या टाक्यांत आणून ठेवले होते. बाहेर अंग भाजणारं ऊन, त्यामुळे इमारत हवाबंद. प्रत्येक खोलीतली हवा तिथेच थंड करून पुन्हा पुन्हा फिरवायची; बाहेरची ताजी हवा घ्यायला सगळ्या खोल्यांना मिळून एकच झडप. आतली माणसं श्वास सोडत, त्यातला कर्बवायू टाक्यांच्या पाण्यात विरघळे, त्याचं सौम्य आम्ल होई आणि पाण्याचा सामू उतरे. सामू असा उतरत गेला की प्रवाळाला आपला चुनखडीचा सांगाडा बांधणं जड जातं. पुढे पुढे तर बांधलेलाही झिजू लागतो.

निर्झराने पाण्यात चुना मिसळून पाहिला, पण कर्बवायू येतच राहिला. आणखी ताजी हवा घ्यायला भिंतीला भोक पाडू द्या म्हणाली, तेव्हा संचालक पाठारे असे दचकले, जणू तिने त्यांच्या डोक्यालाच भोक पाडायचं म्हटलं होतं. शेवटी तिने वनस्पतिशास्त्रज्ञ सलीम मुजावरला साकडं घातलं. कॉलेजपासूनची ओळख. त्याने जनुकं बदलून 'कर्बभक्षी' मनीप्लांट तयार केला होता. साधी वेल माणसाच्या श्वासापुढे कुठली पुरायला? ही मात्र दिवसाउजेडी एका माणसाचा कर्बवायू एकटी फस्त करी. काचेचं छत फक्त मधल्या दालनाला होतं, म्हणून कुंड्या तिथेच लावल्या. दालन हिरवंगार झालं. प्रवाळांचे कोंब मात्र आक्रसतच गेले.

सलीम कर्बमापक घेऊन आला तेव्हा टाक्यांच्या खोलीत सगळेच पेंगुळलेले होते. निर्झराचं डोकं सकाळपासून ठणकत होतं आणि दोन सहकाऱ्यांवर ती विनाकारण खेकसलीही होती.

"इथे कर्बवायू बाहेरच्या पाचपट आहे," मापक पाहत सलीम म्हणाला. "आणि दालनात जवळजवळ बाहेरच्याइतकाच. ताजी हवा आत घेणारी झडप कोण उघडतं?"

"संवेदक. कर्बवायू वाढला की उघडते, कमी झाला की मिटते. बाहेरची तापलेली हवा थंड करायची वीज वाचवायला."

"आणि तो संवेदक कुठे आहे?"

निर्झराने दालनाकडे बोट केलं. संवेदक दालनातच होता, भिंतीवर, कुंड्यांच्या रांगेच्या वर.

"म्हणजे आपण वेली नेमक्या त्याच्या नाकाखाली लावल्या," सलीमने कपाळावर हात मारला. "त्याला वाटतंय, सगळ्या इमारतीत रानातली हवा आहे. त्याने झडप मिटून घेतलीय. तुझ्या खोलीत पूर्वी जी थोडी ताजी हवा यायची, तीही आपण बंद केली!"

ती तडक पाठाऱ्यांकडे गेली. "सर, संवेदक हलवा. नाहीतर कुंड्या तरी हलवू द्या."

"मॅडम, अहो काय बोलताय?" पाठारे आनंदाने फुलले होते. "तुमच्या वेलींमुळे विजेचा वापर निम्म्यावर आला. देशातली सर्वांत शुद्ध हवा आपल्या संवेदकाने नोंदवली! उद्या दुपारी दालनात सत्कार आहे. पाहुणे येताहेत. तोपर्यंत पानालासुद्धा हात लावायचा नाही. आणि दोन मिनिटं बोलायचंय तुम्हाला."

"उद्यापर्यंत प्रवाळ राहणार नाहीत, सर!"

"सकारात्मक बोला हं."

दुसऱ्या दिवशी दालन गच्च भरलं. निमंत्रितांमागे बसेस भरून कॉलेजची मुलं आली होती. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. स्वागतगीत झालं, तीन भाषणं झाली. निर्झरा मनातल्या मनात एकेका वक्त्याला शिव्या घालत बसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती चरफडतच उठली. आभार मानून मोकळं व्हायचं आणि टाक्यांकडे पळायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात छताजवळ घरघर झाली. पंखे फिरू लागले. हातातला मोबाइल थरथरला. सलीम टाक्यांच्या खोलीत थांबला होता. त्याने लिहिलं होतं : 'झडप सताड उघडलीय. खोलीत ताजी हवा येतेय. सात पूर्णांक सात. काय केलंस?'

निर्झराने मान वर करून पाहिलं. शेकडो माणसं समोर दाटीवाटीने श्वास घेत होती, सोडत होती. एवढ्यांना पुरे पडणं वेलींच्या आवाक्याबाहेरचं होतं. ही गर्दी उठून गेली की मात्र संवेदक पुन्हा निर्धास्त होणार, झडप पुन्हा मिटणार.

तिने माइक नीट धरला.

"प्रवाळांची गोष्ट," ती म्हणाली, "पन्नास कोटी वर्षांपूर्वी सुरू होते. मी कुठलाही टप्पा गाळणार नाही."

अर्ध्या तासाने पाठाऱ्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मोबाइलवर आकडा होता सात पूर्णांक आठ. तिने सभेला उभं राहायला सांगितलं, प्रवाळांसाठी जोरदार टाळ्या वाजवायला लावल्या आणि मुलांकडून घोषणा म्हणून घेतल्या. पंख्यांची घरघर वाढली.

"मॅडम, आटपा!" पाठारे दात आवळून पुटपुटले. "विजेचा आकडा बघा कुठे चाललाय!"

"झालंच, सर," निर्झरा गोड हसली आणि सभेकडे वळली. "तर आता आपण डायनासोरांच्या काळाकडे येऊ."